हिरवळीवर पाय ठेवू नये

सासूबाई आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या त्याला तीन महिने होत आले होते आणि तेवढ्या काळात त्या माझ्याशी एकूण अकरा वाक्यं बोलल्या होत्या. पैकी सात "तुमचा चहा झाला का?" ही होती. एक माझ्या घोरण्याविषयी होतं, पण ते त्यांनी "तब्येत बरी आहे ना?" इतक्या सभ्य शब्दांत विचारलं होतं, की मी दोन दिवस स्वतःची नाडी तपासत होतो. शेवटी बायकोनं खुलासा केला.

आमच्यात वैर नव्हतं. आदर होता, आणि तीच अडचण होती. मी खोलीत शिरलो की त्या उठून उभ्या राहायच्या, आणि त्या उभ्या राहिल्या की मी खोलीतून बाहेर पडायचो. असं करत करत आम्ही दोघांनी मिळून तीन महिन्यांत बाहेरच्या खोलीतला सोफा एकदाही नीट वापरला नव्हता.

त्या संध्याकाळी मी खिडकीशी पेपर वाचत बसलो होतो. सासूबाई पुढच्या दारानं बाहेर गेल्या, पायऱ्या उतरल्या, घरासमोरच्या हिरवळीवर चार पावलं चालल्या आणि थबकल्या. "टोचतंय," असं स्वतःशीच पुटपुटल्या आणि आत येऊन खोलीचं दार लावून बसल्या.

मी स्वयंपाकघरात गेलो. बायको कांदा चिरत होती आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"कांदा फार झणझणीत दिसतोय," मी म्हणालो.

"आई महिनाअखेरीस मावशीकडे जाते म्हणतेय. कायमची."

मावशी तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही. सासूबाईंचा गुडघा जिन्याला तयार नाही आणि मावशींचे कान कशालाच तयार नाहीत. त्या घरी एक बाई खाली उतरू शकणार नव्हती आणि दुसरीला दार वाजलेलं कळणार नव्हतं.

"करमत नाही म्हणते," बायको म्हणाली. "काय कमी आहे हो इथे? इकडची काडी तिकडे करू देत नाही मी तिला."

"हिरवळ कमी आहे," मी म्हणालो.

बायकोनं सुरी खाली ठेवली. मी घरात एखादी गोष्ट ठामपणे बोललो की ती हातातली धारदार वस्तू आधी खाली ठेवते. पण मला सगळं लख्ख दिसत होतं. म्हाताऱ्या माणसाला दुसरं काय हवं असतं? सकाळच्या वेळी मऊ गवतावर चार पावलं टाकायची. आणि आमच्या दारात जे होतं त्याला हिरवळ म्हणायला मोठं मन लागत होतं. वीस फूट बाय पंधरा फुटांचा तुकडा. मधोमध स्कूटर उभी करून करून पडलेलं टक्कल, त्यावर तेलाचा डाग, आणि काठानं उरलेलं गवत असं की झाडू उलटा पुरून ठेवलाय असं वाटावं. बिचाऱ्या बाईंनी पाय ठेवला आणि गवत टोचलं. जावयाच्या घरात बोलणार कुणाला?

मी ठरवलं, महिनाअखेरीच्या आत नवं गवत. आणि कशासाठी ते कुणालाही सांगायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुदळ घेऊन बाहेर आलो तेव्हा डावीकडच्या भिंतीवर भूगोलाचे सर हजर होते. सर निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण पृथ्वी अजून त्यांच्याच ताब्यात आहे.

"आधी उतार पाहिलात का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, सपाट तर आहे. सर हसले. घरात जाऊन एक पारदर्शक नळी घेऊन आले, तिच्यात पाणी भरलं, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरून फाटकापाशी जाऊन उकिडवे बसले, आणि अर्ध्या तासानं त्यांनी सिद्ध केलं की आमच्या अंगणाचा उतार आमच्याच घराकडे आहे. एवढं करून, त्यावर उपाय काय ते न सांगता, ते नाश्त्याला निघून गेले.

मग उजवीकडच्या दंतवैद्य बाई डोकावल्या. त्यांचा दवाखाना घरातच आहे, त्यामुळे दोन रुग्णांच्या मधल्या वेळात त्या आमच्याकडे लक्ष देऊ शकतात.

"नुसतं वरवर खरवडू नका," त्या म्हणाल्या. "मुळासकट काढा. मूळ आत राहिलं की पुन्हा त्रास देतं. दुखलं तरी चालेल."

दुखलं. मलाच दुखलं. कुदळीचा अकरावा घाव घालून सरळ होताना कमरेत असं काही लचकलं, की मी सरळ झालोच नाही. उसण भरली होती. मी त्याच कोनात चालत घरात गेलो, त्याच कोनात सोफ्यावर कलंडलो आणि ऑफिसातून गवतासाठी घेतलेल्या तीन दिवसांच्या रजेतले दोन दिवस छताकडे पाहत काढले. सासूबाईंनी गरम पाण्याची पिशवी पाठवली. बायकोच्या हातून पाठवली. स्वतः दारापर्यंत आल्या, मी आडवा आहे हे पाहून संकोचानं परत फिरल्या.

तिसऱ्या दिवशी मी ईर्ष्येनं उभा राहिलो. इथे मला माझी नोकरी सांगायला हवी. मी शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयात अठ्ठावीस वर्षं आहे. तक्रारी नोंदवणं आणि परिपत्रकं लिहिणं ही माझी कामं. मी लिहिलेलं परिपत्रक साहेब एकदा वाचून सही करतात आणि त्यात कधी काना-मात्रेची चूक निघालेली नाही, असा माझा लौकिक आहे. हे सांगायचं कारण, त्या दिवशी मी जो घाव घातला तो बरोबर पाण्याच्या पाइपावर बसला.

दोन पुरुष उंचीचं कारंजं उडालं. सरांच्या खिडकीपर्यंत गेलं. मी त्यावर तळहात ठेवला, मग पाय ठेवला, मग स्वतः बसून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. भिजलेल्या अवस्थेत मी आत धावलो आणि ऑफिसला फोन लावला.

"तक्रारी बघणारे गृहस्थ रजेवर आहेत," पलीकडून उत्तर आलं.

"अहो, ते गृहस्थ मीच आहे!"

"मग तुम्हाला माहीतच आहे, सोमवारशिवाय काही होत नाही."

मी बाहेर आलो आणि कारंज्याकडे बघत उभा राहिलो. एखादी गोष्ट आपल्या खात्याची आहे हे कळलं की मी आपोआप सोमवारची वाट बघायला लागतो. तेवढ्यात मागून आवाज आला.

"उभे काय राहिलात? मेन कॉक बंद करा!"

सासूबाई होत्या. मी आजूबाजूला बघितलं. त्या माझ्याशीच बोलत होत्या.

"कुठे आहे तो?" मी विचारलं.

पाणीपुरवठा कार्यालयातल्या माणसानं हा प्रश्न विचारल्यावर समोरच्या व्यक्तीच्या चेहऱ्यावर जे यायला हवं, ते त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर येऊन गेलं. मग त्या तरातरा फाटकापाशी गेल्या, मोडकी कुंडी बाजूला सरकवली, वाकल्या आणि कारंजं बसलं. तीन महिने त्या खोलीत दार लावून बसतात असं आम्हाला वाटत होतं. कुंडीखाली काय आहे हे त्यांना कधी कळलं देव जाणे.

"सायकलची जुनी ट्यूब आहे का घरात? आणि सुतळी आणा," त्या म्हणाल्या. ट्यूब सरांनी दिली. सासूबाईंनी तिची पट्टी कापून पाइपावर अशी करकचून बांधली, की सोमवारी आलेला आमच्याच खात्याचा प्लंबर म्हणाला, "हे कुणी केलं? राहू दे की असंच."

बायकोनं तेव्हा मला आठवण करून दिली, की आईनं तीस वर्षं मुलींचं वसतिगृह चालवलं होतं. दीडशे मुली आणि चार नळ. मला हे माहीत होतं. पण सोफ्यावरून उठून उभ्या राहणाऱ्या त्या बाई आणि दीडशे मुलींच्या रेक्टर बाई एकच, हे मी कधी जुळवून पाहिलं नव्हतं.

मग गवत आलं. हल्ली गवत तयार मिळतं, चटईसारखं गुंडाळलेलं. रोपवाटिकावाल्यानं टेम्पोतून चाळीस गुंडाळ्या उतरवल्या, जमिनीवर एकाला एक लावून पसरल्या आणि दोन तासांत आमचं अंगण असं हिरवंगार झालं की मला स्कूटर फाटकाबाहेर ठेवतानासुद्धा अभिमान वाटला. मी आता सासूबाईंना हाक मारणार, एवढ्यात तो म्हणाला,

"तीन आठवडे पाय ठेवायचा नाही हं साहेब. मुळं धरायला हवीत. आणि रोज दोन वेळा भरपूर पाणी. एक दिवस चुकलं तरी गेलं."

महिनाअखेर बारा दिवसांवर होती. ज्यांच्या पायांसाठी ही हिरवळ केली त्यांचे पाय तिला लागण्याआधीच तिसऱ्या मजल्यावर पोचणार होते.

पुढचा आघात दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. सर भिंतीपाशी आले आणि त्यांनी पेपरचं एक कात्रण माझ्या हातात दिलं. लाल पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. "सर्व नागरिकांस कळविण्यात येते की, धरणातील घटता साठा विचारात घेता, पुढील आदेशापर्यंत पिण्याच्या पाण्याचा वापर बाग, हिरवळ अथवा वाहने यांसाठी करू नये."

"भाषा फार नेटकी आहे," सर म्हणाले. "तुमचीच ना?"

माझीच होती. रजेवर जाण्याच्या आदल्या दिवशी लिहिली होती. 'हिरवळ' हा शब्द तर मसुद्यात नव्हताच. वाक्याला तोल यावा म्हणून मी तो नंतर घातला होता.

मी साहेबांकडे गेलो.

"साहेब, यात सवलतीसाठी अर्ज करता येतो ना?"

"येतो की. कलम चार. तुम्हीच लिहिलंय."

"अर्ज कुणाकडे द्यायचा?"

"तुमच्याकडे."

"मग मी तो मंजूर..."

"स्वतःचा अर्ज स्वतःला मंजूर करता येत नाही. कलम सहा." साहेबांनी चष्मा काढला. "फार बारकाईनं लिहिलंय हो तुम्ही. एकही पळवाट ठेवली नाहीत."

मी टेबलाशी जाऊन अर्ज लिहिला, स्वतःकडे दिला, आवक नोंदवहीत चढवला, त्यावर 'नामंजूर' असा शेरा मारला आणि प्रत घडी करून खिशात घातली. आजवर मी असे शेकडो शेरे मारले असतील. घेणाऱ्याच्या खिशात तो कागद किती जड होतो, ते त्या दिवशी घरापर्यंत चालत येताना कळलं.

घरी आलो तर हिरवळीच्या कडा वळायला लागल्या होत्या. मी पायरीवर बसलो आणि नामंजूर अर्जानं वारा घ्यायला लागलो. सासूबाई दारात आल्या. मी उठायला लागलो.

"बसा," त्या म्हणाल्या. "पिण्याचं पाणी नको म्हणाले ना? मग वापरलेलं चालेल की नाही?"

मी मनातल्या मनात परिपत्रक उलटून पाहिलं. वापरलेल्या पाण्याबद्दल एकाही कलमात काही नव्हतं. साहेबांना न दिसलेली पळवाट सासूबाईंना दिसली होती.

त्या संध्याकाळपासून आमचं घर वसतिगृह झालं. भाज्या धुतलेलं पाणी पहिल्या बादलीत, तांदूळ धुतलेलं दुसऱ्या, कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी तिसऱ्या. पहिलं, साबणाचं पाणी घेऊन जाताना मी पकडलो गेलो आणि मला परत पाठवण्यात आलं. आंघोळीला मला टबात उभं राहायचा हुकूम झाला. तरी पाणी पुरेना, तेव्हा सासूबाई फाटक उघडून शेजारी गेल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा. सरांच्या घरातून त्या दोन बादल्या आणि सरांच्या पत्नीशी मैत्री घेऊन आल्या. दंतवैद्य बाई उत्साहानं म्हणाल्या, "माझ्या दवाखान्यात रोज पुष्कळ पाणी जमतं." सासूबाई क्षणभर विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "चुळांचं नको हं. तुमच्या स्वयंपाकघरातलं द्या."

सकाळ-संध्याकाळ आम्ही काठाकाठानं उभे राहून तांब्यानं पाणी शिंपडायचो. मी, बायको, सर. सर उताराच्या बाजूला कमी घाला असं बजावायचे. सासूबाई पायरीवर बसून सगळ्यांना सांगायच्या, तिकडे कोरडं राहिलंय, इकडे डबकं झालंय, आणि तुमचं लक्ष कुठे आहे.

महिनाअखेरीला दोन दिवस उरले असताना मावशींचा फोन आला. सासूबाई फोनवर ओरडून बोलत होत्या, मावशींसाठी ते भागच होतं. त्यामुळे आम्हाला कान लावावा लागला नाही.

"नाही येत गं इतक्यात! गवत लावलंय! गवत! अगं, गवत! मुळं धरेपर्यंत हलता येत नाही मला!"

बायकोनं पुन्हा कांदा चिरायला घेतला.

आता इथे एखादा शहाणा माणूस गप्प बसला असता. पण मला वाटलं, मुळं लवकर धरली तर बरं. मी खत आणलं. पिशवीवर लिहिलं होतं त्याच्या दुप्पट टाकलं, कारण आमच्या प्रेमाचा त्या पिशवीवाल्याला अंदाज नव्हता. दोन दिवसांनी हिरवळीवर पिवळे फराटे उमटले. माझा हात ज्या ज्या दिशेला फिरला होता त्या त्या दिशेला. गुन्हा कुणाचा ते विचारायची गरजच नव्हती.

सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"पानात दुप्पट वाढलं तर खाल का तुम्ही?"

"खातो," मी खरं ते सांगितलं.

त्या हसल्या नाहीत. मला एकदम फार वाईट वाटलं. कंबर, पाइप, अर्ज, सगळं आठवलं आणि जे कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं ते बोलून गेलो.

"तुमच्यासाठीच लावलं होतं हो हे. त्या दिवशी तुम्ही चालायला गेलात आणि म्हणालात, टोचतंय. म्हटलं, मऊ गवत असलं की तुम्हाला करमेल. तुम्ही जाणार नाही."

सासूबाईंनी कमरेवरचे हात खाली घेतले. मग हळूहळू पायरीवर बसल्या.

"टोचतंय? अहो, ती चप्पल टोचत होती. हिनं आणलेली नवी. करंगळीपाशी शिवण आलीय तिची. तिला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

आम्ही दोघांनी गवताकडे बघितलं. चाळीस गुंडाळ्या. एक चप्पल.

"मग जाणार का होतात?" मी विचारलं.

"काय करू इथे?" त्या म्हणाल्या. "बस आई, बस आई. भाजी निवडायला घेतली की हातातून काढून घेते. कपड्यांच्या घड्या घालायला गेले की म्हणते, तू आराम कर. फार मायेनं करते, कळतं मला. पण तीस वर्षं दीडशे मुली सांभाळल्या हो मी. बसून बसून मला वाटायला लागलं, मी या घरात कुणीतरी आणून ठेवलेली वस्तू आहे. मावशीकडे निदान तिच्या वतीनं दार उघडायला तरी कुणी लागतं." त्यांनी डोळे पुसले नाहीत, नाक पुसलं. "उठा आता. बादल्या ओता भरपूर, खत खाली उतरेल. नुसते बसू नका."

मी बायकोला हे त्याच दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आईसमोर भाजीची परात नेऊन ठेवली आणि "मला आज उशीर होतोय" म्हणून निघून गेली. तिला उशीर होत नव्हता. ती कोपऱ्यावर दहा मिनिटं उभी होती, हे मला सरांनी सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात साहेब आले. पाणीटंचाईच्या दिवसांत पाणीपुरवठ्याच्याच कर्मचाऱ्याची हिरवळ हिरवी आहे, अशी निनावी तक्रार थेट त्यांच्याकडे आली होती. तक्रारीत शुद्धलेखनाची चूक नव्हती आणि 'उतार' हा शब्द दोनदा होता. सरांना मी पुढे विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बादल्या सुरू व्हायच्या आधी टाकली होती हो मी. तत्त्वाचा प्रश्न होता. पोचायला इतके दिवस लागले त्याला तुमचं खातं जबाबदार."

साहेब फाटकात फाइल घेऊन उभे राहिले. ऐन संध्याकाळची, पाणी घालायची वेळ. सासूबाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"तपासणी करायची आहे? करा. पण मोकळ्या हातानं येऊ नका. ती बादली घेऊन या इकडे. सांडू नका."

साहेबांनी फाइल काखेत धरली आणि बादली उचलली. अठ्ठावीस वर्षांत मी त्यांना पेनापेक्षा जड काही उचलताना पाहिलं नव्हतं. परत जाताना त्यांची पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती, आणि त्यांनी विचारलं, "तांदळाचं पाणी कुंड्यांना चालतं का हो?"

तीन आठवडे पूर्ण झाले त्या रविवारी रोपवाटिकावाला आला. त्यानं एका कोपऱ्यातलं गवत ओढून पाहिलं. निघालं नाही. "धरलं," तो म्हणाला. दोन-चार पिवळे पट्टे राहिले होते, पण त्यांच्या मधूनसुद्धा बारीक पोपटी टोकं वर येत होती. "आता चाला बिनधास्त."

सगळे जमले. सर, त्यांच्या पत्नी, हातमोजे घातलेल्या दंतवैद्य बाई. पहिला मान अर्थातच सासूबाईंचा. बायकोनं त्यांचा हात धरला. त्या पायरीवरून खाली उतरल्या, गवताच्या काठाशी आल्या, त्याच्याकडे पाहिलं आणि मागे सरल्या.

"मी नाही बाई. एवढं जगवलंय ते काय तुडवायला?"

"आई, अगं, चालण्यासाठीच तर लावलंय!"

"कोण म्हणतं?" त्या पुन्हा पायरीवर जाऊन बसल्या. "मी आहे ना इथे. मी बघते कोण चालतं ते."

तेव्हापासून आमच्या हिरवळीवर कुणीही पाय ठेवत नाही. पेपर टाकणारा फाटकातूनच टाकतो. स्कूटर रस्त्यावर असते. सर आता खात्रीनं सांगतात, की शहरातला हा एकमेव भूभाग आहे जिथे माणसाचं पाऊल पडलेलं नाही.

परवा ऑफिसातून येताना मी जरा विचारात होतो. धरणाचा साठा, नवं परिपत्रक, असंच काहीतरी. फाटक उघडलं आणि नेहमीच्या जुन्या सवयीनं सरळ दाराकडे निघालो. एक पाऊल पडलं. गवत खरंच मऊ होतं.

"अरे, अरे! दिसत नाही का तुला? काठानं ये ना!"

मी पाय हवेतच धरला. पायरीवर सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी जीभ चावली. "तुम्ही म्हणजे..." असं काहीतरी सुरू केलं आणि भाजीत मान घातली.

माझी आई जाऊन अकरा वर्षं झाली. त्यानंतर मला "अरे" म्हणून ओरडणारं कुणी उरलं नव्हतं. ऑफिसात मी साहेबांचा 'अहो', घरी बायकोचा 'अहो'. बावन्न वर्षांच्या माणसाला आपण चुकल्याबद्दल कुणी असं हक्कानं ओरडावं, असं वाटत असतं हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

मी पाय मागे घेतला, चपला काढून हातात धरल्या आणि काठानं, अगदी भिंतीला घासून, घरात गेलो.